चर्नोविर कुणाचं

स्मिल्कामावशीला राग आला की ती आवाज चढवत नसे. हातातली सुरी खाली ठेवायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि समोरच्याला नुसती नावाने हाक मारायची. तेवढ्यावर आमच्या क्लबातली दांडगी दांडगी माणसं खुर्चीत सावरून बसायची.

बोश्को ट्रक चालवतो, अंगाने दारात मावत नाही. एका शनिवारी त्याने भाजलेल्या मिरच्यांची बशी सरळ चर्नोविरच्या देवळाच्या छपरावर ठेवली, कारण टेबलावर दुसरीकडे जागा नव्हती. मावशीने हाक मारली आणि विचारलं, "तुझ्या घरावर मी अशी खरकटी बशी ठेवली तर चालेल का रे?"

"मावशी, खेळण्यातलं देऊळ आहे हे."

"अस्सं. मग मागच्या शनिवारी तुझा तो दाढीवाला बुटका मेला, तेव्हा बाहीने डोळे कोण पुसत होतं?"

बोश्कोने बशी उचलली आणि उरलेला डाव ती मांडीवर घेऊन खेळला.

आमचा खेळ बाहेरच्याला सांगायला अवघड नाही. टेबलावर एक नगर मांडलेलं असतं. प्रत्येकाकडे बोटाएवढी एक बाहुली असते, कुणी योद्धा, कुणी चेटकीण, कुणी बुटका. एकजण गोष्ट सांगत जातो, बाकीचे आपापल्या बाहुलीने काय करायचं ते ठरवतात, आणि जमलं की फसलं ते फासे सांगतात. मी यस्ना, गावात गुराढोरांची डॉक्टर, खेळात मात्र चोर. गोष्ट सांगायचा ओग्नेन. तो आमच्या रेडिओवर बातम्या देतो, आणि त्याचा आवाज असा की हवामानाचा अंदाज सांगितला तरी ऐकत राहावं. आणि टेबलावरचं नगर, चर्नोविर, बांधलं स्मिल्कामावशीने. एवढं एक वाक्य जगात सगळीकडे सरळ लिहिलं गेलं असतं, तर मला हे सांगत बसावं लागलं नसतं.

ती तिसा नदीच्या पलीकडच्या खेड्यातली. बाप घराघरांत मातीच्या मोठ्या शेगड्या बांधायचा. मुलगी त्याच्याबरोबर चिखल मळत वाढली. लग्न होऊन आमच्या गावात आली. नवरा लाझार रेल्वेत गार्ड होता, तो लवकर गेला; मुलगी ऑस्ट्रियात लिंझला नर्स आहे. मावशी कळसूत्री बाहुल्यांच्या नाटकघरात कामाला लागली आणि सगळी उमर तिथेच काढली. राजवाडे, जंगलं, गिरण्या, समुद्र, जे हवं ते ती बाहुल्यांच्या मापाने उभं करायची. या गावात चाळिशीच्या आतला असा माणूस नाही, ज्याने लहानपणी तिच्या जंगलाला घाबरून आईचा हात धरला नाही. तिचं नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. पडद्यामागच्या माणसाचं नाव विचारायची आपल्याकडे रीत नाही.

मग नवा संचालक आला. पडद्यावर यंत्राने चित्रं पाडायची, आता असले लाकडी पसारे कोण वापरतं, असं त्याचं मत. मावशीची खोली रिकामी करून तिथे खुर्च्या रचल्या. तिची सगळी कामं मागच्या अंगणात आणून टाकली. तिने विनवलं, निदान गिरणी तरी मला घरी नेऊ द्या. संस्थेची मालमत्ता खासगी माणसाला देता येत नाही, असं उत्तर मिळालं. संस्थेची मालमत्ता कचऱ्याच्या गाडीला मात्र देता येत होती. गाडी आली, राजवाडे आत जाऊन चेपले जायला लागले. मावशी वर गेली, संचालकाच्या खोलीत शिरली, भिंतीवरचं त्याचं काचेतलं मानपत्र खिळ्यावरून काढलं, जिना उतरून खाली आली आणि गाडीत टाकलं. तो खिडकीतून बघत होता. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर गेली नाही.

ओग्नेन तिच्याकडे गेला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. त्याला एक पूल हवा होता. तोवर आम्ही खेळायचो ते पुठ्ठ्याच्या खोक्यांवर, आणि हे घर समजा, ती नदी समजा, असं चालायचं. मावशीने त्याला कॉफी दिली आणि विचारलं, पुलावरून जाणार कोण? ओग्नेन म्हणाला, राक्षस. त्यावर तिने विचारलं, रोज जातात की कधीमधी? रोज जात असतील तर लाकडाचा टिकायचा नाही, दगडाचा पाहिजे. आणि राक्षस काय नेतात, मेंढ्या? मग कठडा उंच पाहिजे, मेंढ्या उडी मारतात. ओग्नेन हसत हसत क्लबात आला आणि हे सगळं त्याने आम्हाला नक्कल करून सांगितलं.

पूल आला तेव्हा कुणी हसलं नाही. थर्माकोलचा होता, पण नखाने टोकरून, वर पुट्टी आणि राखाडी रंगाचे हात मारून असा केला होता की बोट लावलं तर गार लागेल असं वाटावं. कमानीखाली धुणं धुवायच्या पायऱ्या होत्या. त्या कुणी मागितल्या नव्हत्या. पायऱ्यांवर नखाएवढी एक विसरलेली टोपली होती. त्या शनिवारी आम्ही सगळे शत्रूला चुकवून त्या पायऱ्यांवर लपलो आणि टोपली कुणाची यावर ओग्नेनने रात्रभर पुरेल अशी गोष्ट रचली.

तिथून चर्नोविर वाढत गेलं. अंड्यांच्या ट्रेचे दगड, कॉफीच्या चोथ्याची माती, झाडांच्या जागी वाळवलेली मुळं. पुठ्ठ्याची कौलं ती एकेक कापून चिकटवायची, आणि मधूनच एखादं मुद्दाम सरकलेलं ठेवायची, कारण वाऱ्याने एखादं सरकतंच. प्रत्येक छप्पर उचलता यायचं. आत चूल, पलंग, पलंगाखाली चपला. भटारखान्यात एक पाव करपलेला. चांभाराच्या घरात एकाच पायाचे बूट, जोड कुठेच नाही; ते का, हे तिने कधी सांगितलं नाही. आणि प्रत्येक दार उघडायचं. कागदाची पट्टी आतून चिकटवून तिने बिजागऱ्या केल्या होत्या.

खेळाचे नियम तिने शिकून घेतले नाहीत. फासे बघितले की तिला कंटाळा यायचा. पण ती कोपऱ्यात कापत, चिकटवत बसायची आणि कान आमच्याकडे असायचे. एकदा माझ्या चोराने जकातदाराच्या घरात रात्री शिरायचं ठरवलं. मी छप्पर उचललं. कपाट भिंतीपासून जरा सुटं दिसलं, म्हणून सरकवलं, तर मागे खाली जाणारा जिना. ओग्नेनलाही त्याचा पत्ता नव्हता. त्याने मावशीकडे बघितलं. मावशी मान वर न करता कौलं कापत होती. मग तो हळू आवाजात सांगायला लागला, जकातदाराला एक बहीण होती, ती मेली असं गावाला सांगितलं होतं... त्या बहिणीने आम्हाला पुढे दोन वर्षं झोपू दिलं नाही. हे सांगते, कारण ओग्नेनचं श्रेय मला नाकारायचं नाही. बहीण त्याची होती. पण जिना कुणाचा होता?

एका वसंतात बाहेरदेशचे तिघेजण आले, दिवे आणि कसलीशी मोजमापाची यंत्रं घेऊन. ओग्नेनने मावशीला सांगितलं की प्रदर्शनासाठी नगराचे फोटो काढायचेत. ती खुलली. चीज घालून पापुद्र्यांची गिबानित्सा भाजून आणली, तिघांना आग्रह करकरून वाढली. स्वतः एकेक छप्पर उचलून आतलं दाखवलं. पाहुण्यांची भाषा तिला येत नव्हती, म्हणून करपलेला पाव दाखवताना तिने नाकाला चिमटा लावून दाखवला. ते हसले. तीन दिवस ती त्यांना जेवू घालत होती. पुढे तिला सगळ्यांत जास्त काय झोंबलं विचाराल, तर हे जेवण.

पानगळ सुरू झाल्यावर ओग्नेन एक भलंमोठं खोकं घेऊन क्लबात आला. आमचा क्लब म्हणजे बंद पडलेल्या सूतगिरणीचं कॅन्टीन. तिथल्या लांब टेबलावर त्याने खोकं ठेवलं आणि बाजूला उभा राहिला, बारशाला बाप उभा राहतो तसा. झाकणावर चर्नोविरचं चित्र होतं. त्याखाली मोठ्या अक्षरांत ओग्नेनचं नाव. ते तिघे पाहुणे ज्या खेळाच्या कंपनीचे होते, तिने आमचं नगर काढलं होतं, राळेच्या ओतीव घरांचं, जगभर विकायला.

बोश्कोला खोक्यावरची परदेशी भाषा येते, ट्रक घेऊन तो सगळीकडे जातो. त्याने खोक्याच्या मागचा मजकूर मोठ्याने वाचायला घेतला. चर्नोविर ही ओग्नेनच्या प्रतिभेची आणि हातांची निर्मिती, वगैरे. मग खाली बारीक अक्षरांत आभार. बरीच नावं होती, माझंही होतं. बोश्को मध्येच थांबला. मी खोकं ओढून घेतलं. माझ्या नावाच्या खाली लिहिलं होतं: स्मिल्का, रंगकामात मदत. आडनावही नाही.

मावशीने विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं. तिचा चेहरा हलला नाही. तिने खोक्यातून एक राखाडी घर काढलं, चांभाराचं. छप्पर उचलायला गेली, ते उचललं जाईना. भिंतीत एकजीव होतं. मग तिने नखाने दार उघडून बघितलं. दार नव्हतंच. भिंतीवर दाराच्या आकाराची रेघ होती.

तिने घर खाली ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला. "ओग्नेन."

"मावशी, आधी माझं ऐकून घे. त्यांना एकच नाव हवं होतं. लोकांना गोष्ट हवी असते, आणि गोष्टीला एक तोंड लागतं. मी काही चोरलेलं नाही. नगराचं नाव माझं, गल्ल्यांची नावं माझी, राजे माझे, युद्धं माझी. मी नसतो तर तुझी घरं नुसती खोकी राहिली असती."

"हातांची निर्मिती. कुठले हात? दाखव."

ओग्नेनने हात दाखवले नाहीत. त्याने ते खिशात घातले.

"ते तर जाहिरातवाल्यांनी लिहिलंय, मावशी."

"तुला वाचता येतं ना? छापायच्या आधी दाखवलं असेल ना तुला?" तो खोक्याकडे बघायला लागला. "मी त्या माणसांना पोटच्या पोरांसारखं जेवू घातलं. तू शेजारी बसून दुसऱ्यांदा वाढून घेत होतास. घास उतरला तुझ्या घशाखाली?"

तो म्हणाला की तिला वाईट वाटेल म्हणून आधी सांगितलं नाही. हे ऐकून माझंच डोकं फिरलं. वाईट वाटेल हे ठाऊक होतं, म्हणजे वाईट करतोय हेही ठाऊक होतं.

मावशीने ते राखाडी घर पुन्हा उचललं. "नावाचं मी एक वेळ गिळलं असतं," ती म्हणाली. "जन्मभर गिळलंच. पण दारं बुजवलीस? माणसांनी जायचं कुठून?"

ओग्नेनला प्रश्नच कळला नाही. कंपनीला ओतायला सोपं पडतं असलं काहीतरी तो सांगत राहिला. मावशी कोट घालून निघून गेली. बोश्कोने त्या रात्री एकही फासा टाकला नाही.

पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या मोठ्या दालनात सोहळा ठरला. नगराध्यक्ष येणार, राजधानीतून खेळणारे येणार, आणि मधोमध मांडणार खरं चर्नोविर, मावशीचं. ओग्नेनने आदल्या दिवशी ते क्लबातून हलवून मांडलंही. तिला विचारलं नाही. तो धरून चालला होता की नगर क्लबाचं आहे, म्हणजे त्याचं.

सोहळ्याच्या दिवशी, शनिवारी सकाळी, मावशीचा मला फोन आला. तुझी गाडी मोठी आहे, गाय-बैल जिच्यात बसतात ती, म्हणाली, घेऊन ये, आणि धुऊन आण. मी गेले. तिच्या दारात सफरचंदांच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या, प्रत्येकीत जुनी चादर अंथरलेली.

आम्ही दालनात शिरलो तेव्हा भाषणं सुरू होती. ओग्नेन माईकपुढे त्याच्या त्या आवाजात सांगत होता की एका रात्री त्याला स्वप्नात पाण्यातला एक काळा भोवरा दिसला, चर्नोविर म्हणजे तेच. मावशी टेबलापाशी गेली, पहिली पेटी खाली ठेवली आणि देऊळ उचललं. चादरीत गुंडाळून पेटीत ठेवलं. मग जकातदाराचं घर. मग भटारखाना. घाई नाही, धसमुसळेपणा नाही, आई बाळांना झोपवते तसे हात. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ओग्नेनचं वाक्य कुठेतरी तुटलं.

नगराध्यक्षाने हसून विचारलं, हा कार्यक्रमाचा भाग आहे का. वाचनालयातल्या बाई धावत आल्या आणि म्हणाल्या, आजीबाई, वस्तूंना हात लावायचा नाही. मावशी त्यांच्याकडे वळली.

"मीच केल्यात. हात लावूनच केल्यात."

ओग्नेन व्यासपीठावरून उतरून आला. तोंडातल्या तोंडात म्हणाला, मावशी, लोकांसमोर हे असं नको, मी हात जोडतो. ती म्हणाली, आता हात दिसले. आणि पुलाकडे वळली. पूल लांब होता, एकटीला पेलणारा नव्हता. मी दुसरं टोक धरलं. मग गर्दीतून बोश्को आला आणि त्याने एकेका काखेत दोन पेट्या घेतल्या. आमच्यातले आणखी दोघे उठले. बाकीचे बसून राहिले, काहींनी मान खाली घातली, आणि एकाने मागून म्हटलं, म्हातारीला वेड लागलंय. शेवटी टेबलावर नुसतं हिरवं कापड राहिलं. ओग्नेनने त्यावर खोक्यातली राखाडी घरं मांडली, असं मी नंतर ऐकलं.

गावाने तिला नावं ठेवली. बाजारात, पावाच्या दुकानात मी कानाने ऐकलं: एवढंसं खेळणं, त्याचं एवढं काय, पोराने गावाचं नाव जगात नेलं, हिला बघवलं नाही. ज्यांनी लहानपणी तिच्या जंगलात जीव मुठीत धरला तेच हे बोलत होते. लिंझहून मुलीने सांगितलं, आई, या वयात लोकांशी वैर कशाला. मावशीने मला विचारलं, कुठल्या वयात करायचं असतं ते सांग, मी ते वय चुकवलं असेल तर.

कंपनीला मी फोन केला. बरेच दिवस इकडून तिकडे फिरवलं. अखेर एक बाई मिळाली, ती सभ्य होती. पुढच्या छपाईत मावशीचं पूर्ण नाव ओग्नेनच्या खाली घालतो, म्हणाली. मावशीला मी हे आनंदाने सांगायला गेले. खाली नको, ती म्हणाली, वर. मी पुन्हा फोन केला. ओग्नेन वर-खाली कशालाच कबूल होईना, शेजारी शेजारीही नाही. शेजारी म्हणजे मी खोटा ठरतो, म्हणाला. वकिलांची भाषा सुरू झाली. कंपनीने कटकट नको म्हणून दोन्ही नावं काढून टाकली. आता ते खोकं दुकानात असतं ते बिननावाचं. ओग्नेन गावभर सांगत फिरतो की मावशीने त्याचं नुकसान केलं. मावशीला विचारलं तर म्हणते, अर्धं खोटं गेलं, अर्धं खरं यायचं राहिलंय. ती यात समाधानी नाही, आणि आहे असं मी इथे लिहिणारही नाही.

क्लब फुटला. ओग्नेनकडे जास्त लोक राहिले. गोष्ट तोच सांगतो ना. ते कॅन्टीनमध्ये राखाडी घरांवर खेळतात. आम्ही पाचसहाजण मावशीकडे आलो. तिने एका शिंप्याचं बंद दुकान भाड्याने घेतलं, काचेआड चर्नोविर मांडलं, आणि काचेवर आतून आपलं नाव रंगवलं, हातभर उंच अक्षरांत, आडनावासकट. गोष्ट आता बोश्को सांगतो. वाईट सांगतो. त्याचे सगळे राजे ट्रकवाल्यांसारखे बोलतात.

या फेब्रुवारीत, दुपारची वेळ, मी तिथे मावशीबरोबर बसले होते. ती चर्नोविरच्या तटाबाहेर नवी वस्ती बांधत होती, मासेमारांची. दार वाजलं. ओग्नेन होता. टोपीवर बर्फ, हातात पेटी. बसू का म्हणून विचारलं, उत्तर मिळालं नाही, तरी बसला. तब्येतीची चौकशी केली. मग पेटी उघडली. आत राखाडी घरं होती, नव्या संचातली. जर्मनीत खेळांची मोठी जत्रा आहे, म्हणाला, तिथे रंगवलेला नमुना ठेवायचा आहे. कंपनीने दोघातिघांकडून रंगवून बघितलं, पण भिंती मेल्यासारख्या दिसतात. "तुझ्यासारखं कुणाला जमत नाही, मावशी. झालं गेलं ते सोड ना आता."

मला वाटलं तो थट्टा करतोय. नाही, तो मनापासून बोलत होता. तिची गरज आहे असं सांगून आपण तिचा मानच करतोय, असं त्याला वाटत होतं. चेहऱ्यावर तो भाव मला दिसला आणि मी हातातला कप खाली ठेवला.

मावशीने सुरी खाली ठेवली. पेटीतलं एक घर हातात घेतलं, फिरवून बघितलं. मग रंगाचा डबा उघडला, डांबरासारखा काळा, नगरातल्या नाल्यांना लावायचा. घर त्यात बुडवलं, पुरतं. काढून, निथळू न देता, त्याच्या पेटीत बाकीच्या घरांवर ठेवलं.

"घे. रंगवलं," ती म्हणाली. "खाली नाव घाल. रंगकामात मदत, स्मिल्का."

ओग्नेन उभा राहिला. काळा रंग पेटीच्या फटीतून त्याच्या बुटावर ठिबकत होता. तो काहीतरी म्हणणार होता, मावशीने त्याला नावाने हाक मारली, आणि तो दार उघडून बाहेर पडला. काचेतून दिसला तोवर तो पेटी अंगापासून लांब धरून चालत होता.

मला हसू फुटणार होतं, पण मावशीकडे बघितलं आणि राहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने सुरी उचलली, मासेमाराच्या झोपडीची भिंत कापायला घेतली. काप वाकडा गेला. तिने तो तुकडा चुरगळून टोपलीत टाकला आणि दुसरा घेतला. तोही वाकडा गेला. तिसरा घेतला. मी कॉफीचं भांडं स्टोव्हवर चढवलं आणि तिच्या शेजारी कौलं कापत बसले.